ओला चमचा

रस्ता बंद झाला तेव्हा सगळ्यात आधी नाचला तो बेकरीवाला. अहो, खरंच नाचला. कमरेला एप्रन, भुवयांवर पीठ, आणि हा गृहस्थ रस्त्याच्या मधोमध! पालिकेनं दोन्ही टोकांना लाल-पांढरी पिंपं आणून ठेवली, गाड्यांना मज्जाव झाला, आणि ज्या डांबरावर पाय टाकताना जन्मभर दोन्हीकडे बघावं लागलं तिथं टेबलं मांडायला परवानगी मिळाली. साथ आल्यापासून आत बसून जेवायला बंदीच होती. महिनोन्‌महिने सगळा रस्ता दारं लावून पडला होता. आता उघड्यावर, वाऱ्यावर, अंतर राखून का होईना, माणसं जेवणार होती. त्यासाठी पालिकेचे उंबरठे बेकरीवाल्यानंच झिजवले होते, तेव्हा त्याचं नाचणं लोकांनी गोड मानून घेतलं.

ताई काही नाचली नाही. तिचा स्वभावच तसा. चांगलं काही झालं की हिला आधी पुढचं वाईट दिसायचं.

ताई म्हणजे रस्त्याच्या ऐन मध्यावरच्या खानावळीची मालकीण. रस्त्यातली लहानथोर सगळी तिला ताईच म्हणत. गल्ला आणि गिऱ्हाईक तिच्याकडे, भटारखाना तिच्या धाकट्या भावाकडे. त्याला सगळे छोट्या म्हणत. माणूस पन्नाशीला टेकलेला, भटारखान्याच्या दारातून तिरका होऊन आत शिरावं लागेल इतका ऐसपैस, पण एकदा छोट्या पडलं ते पडलं. आणि वरच्या मजल्यावर आई. खानावळ तिनंच काढलेली, तिनंच वाढवलेली. नवरा गेल्यावर दोन पोरं पदरात घेऊन तिनं ही शेगडी पेटवली होती, आणि अजूनही खानावळ आपल्या जिवावर चालते अशी तिची पक्की समजूत होती. ती फारशी चुकीचीही नव्हती.

पण आईची छाती फार जुनी दुखणेकरी. साथ सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी आईच्या तोंडावरच सांगितलं होतं, "हा आजार यांच्यापर्यंत पोचला तर मग माझ्या हातात काही नाही." आई म्हणाली, "मग पोचू देऊ नका." जसं काही उंदीर धान्यात शिरू देऊ नका म्हणावं!

त्या दिवसापासून ताईला दुसरं काही सुचेना. आईला खाली यायला बंदी. छोट्यानं वर जायचं नाही. तो भटारखान्यामागच्या कोठारात कांद्या-बटाट्यांशेजारी झोपायचा. ताई स्वतः वरच्या बाहेरच्या खोलीत झोपायची, आईच्या खोलीचं दार लोटलेलं. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, मागं सरायचं, मग आईनं दार उघडायचं. जिन्याचा कठडा पुसायचा, दाराच्या कड्या पुसायच्या. गिऱ्हाइकानं दिलेल्या नोटासुद्धा ताई उन्हात वाळत घालायची. बेकरीवाला हसायचा, "ताई, पापड घातलेत का?" हसू दे. ताईला रात्री झोप लागायची नाही. आईच्या खोलीतून खोकल्याचा साधा आवाज आला तरी ती अंथरुणात ताठ उठून बसायची आणि पुढचा खोकला येतोय का म्हणून कान लावायची. नाही आला की पुन्हा आडवी. आईवाचून जगायचं कसं, हे या बाईनं या वयातही शिकून घेतलेलं नव्हतं.

आता या घरातली एक रीत सांगायला हवी.

सूप हा त्या खानावळीचा प्राण. लोक सुपासाठी यायचे, बाकीचं सुपाच्या मागोमाग खपायचं. ते तयार झालं की आईनं चाखल्याशिवाय बाहेर जात नसे. पूर्वी आई खाली शेगडीशीच बसायची. पाय थकले तसं भटारखान्याच्या छताला एक चौकोनी झरोका पाडून दोरीची टोपली लावली. छोट्यानं आधी स्वतः चाखायचं, मग वाटी आणि चमचा टोपलीत ठेवून दोरी ओढायची. वर आईनं चाखायचं आणि "हं" म्हणायचं. "हं" आलं की पातेलं बाहेर. नाही आलं तर वरून काय काय यायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि चमचा तोच हवा. आचाऱ्यानं चाखलेला, ओला. कधी काळी एका पगारी आचाऱ्यानं न चाखताच आंबलेलं सूप वर धाडलं होतं, तेव्हापासून आईचा हा दंडक. "जो स्वतः तोंडात घालत नाही त्यानं मला वाढू नये." कोरडा चमचा आला की वाटी न चाखता परत खाली. छोट्याच्या हाताला ही गोष्ट इतकी बसली होती की चाखला, ठेवला, ओढली, झालं.

टोपलीची दोरी ताई रोज औषधानं पुसायची. टोपली पुसायची. वाटी उकळत्या पाण्यातून काढायची. चमच्याचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. छोट्याच्या नाही, आईच्या नाही. कारण ते खाणं नव्हतंच मुळी. ते काम होतं.

रस्ता बंद करताना पालिकेनं दोन अटी घातल्या होत्या. एक, रस्त्याच्या मधोमध एक पट्टा कायम मोकळा ठेवायचा, बंब किंवा ॲम्ब्युलन्स आली तर वाट हवी. आणि दुसरी, कुठल्याही एका भटारखान्यात आजार निघाला की पिंपं उचलायची, गाड्या सुरू, टेबलं सगळ्यांचीच आत. म्हणजे रस्ता उघडला की खानावळी बंद! या दुसऱ्या अटीनं सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असत. कोणी शिंकलं तर समोरच्या दारातून तीन डोकी बाहेर यायची.

पहिली अट मात्र हळूहळू सगळ्यांनी मिळून खाल्ली. आधी कॉफीवालीनं एक छोटं टेबल पट्ट्यात सरकवलं. तिचं बघून बेकरीवाल्यानं बाक टाकला. मग म्हणाल तर सगळ्यांनीच. शनिवारची संध्याकाळ असली की लोक उभे राहून वाट बघतात, त्यांना काय परत पाठवायचं? पट्ट्यात ताईचीही दोन टेबलं होती. खोटं कशाला बोला.

तो शनिवारच होता. उन्हं कलली होती आणि रस्ता अगदी फुलला होता. इतक्या दिवसांनी माणसांना माणसं दिसत होती, त्यामुळे सगळे गरजेपेक्षा मोठ्यानं हसत होते. ताई वाढत फिरत होती. तोंडावर मास्क, हातात चार वाट्या, आणि डोळे सारखे वरच्या खिडकीकडे. आई खिडकीत बसून रस्ता बघायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. गेले काही दिवस ती खिडकीत येत नव्हती. "उकडतंय गं," दाराआडून म्हणायची, "जरा पडते." ताट अर्धं परत यायचं. "उन्हाळ्यात मेलं जेवण जातंच कुठं!" ताईनं ते मानलं होतं. मानायचंच होतं तिला.

"ताई, जरा इकडे या," कोपऱ्यातल्या टेबलावरून मास्तर म्हणाले. रिटायर झालेले शाळामास्तर, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "रागावू नका. सूप खारट आहे."

"आमचं?" ताई हसलीच. "मास्तर, जिभेला काय झालंय तुमच्या?"

"परवाही होतं. मी बोललो नाही. आज तर घशाखाली उतरत नाही हो."

ताई आत गेली, पातेल्यातलं थोडं वाटीत घेतलं आणि मास्क खाली ओढून चाखलं. खारट कसलं, मिठागर होतं नुसतं! तिच्या मस्तकात तिडीक गेली. भावाची चांगली हजेरी घ्यायची म्हणून ती वळली, आणि नाकात करपल्याचा भपकारा शिरला. मागच्या शेगडीवर कांदा कोळसा होऊन धुमसत होता. छोट्या त्याच्यासमोर उभा होता. पाठमोरा नव्हे, चांगला समोर. निवांतपणे पाव कापत होता.

"अरे, जळतंय!"

छोट्या दचकला, धावत कढई उतरवली. मग बहिणीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तुला वास येत नाही?" ताईनं विचारलं.

तो कढईतला कोळसा खरवडायला लागला.

"छोट्या, तुला वास येत नाही?"

"सर्दी आहे गं ताई. साधी."

"चव?"

छोट्यानं सुरी खाली ठेवली. एवढा मोठा देह, पण ओठ लहान पोरासारखे थरथरायला लागले. "चार-पाच दिवस झाले असतील. काहीच कळत नाही. माती घाल तोंडात, पाणी घाल, सगळं सारखं. मी सांगणार होतो गं. पण सांगितलं असतं तर पिंपं उचलली असती, सगळ्या रस्त्यानं मला फाडून खाल्लं असतं. म्हटलं, हाताला सवय आहे. डोळे मिटून मीठ टाकतो मी. आणि आई आहे ना वर! बिघडलं असतं तर आईनं सोडलं असतं का मला? रोज पास करतेय ती. आजसुद्धा 'हं' म्हणाली."

"आज 'हं' म्हणाली?"

"म्हणाली की."

"हे चाखून?"

बाहेर कोणीतरी मोठ्यानं हसलं. मिठाचा एक खडा जास्त पडला तर वरून वाटी भिरकावणारी बाई. शेजारच्या खानावळीच्या सुपात तेजपान जुनं आहे हे वासावरून सांगणारी बाई. तिनं हे मिठागर तोंडात घेऊन "हं" म्हटलं होतं.

ताईची नजर टोपलीकडे गेली. टोपलीत वाटी होती आणि वाटीत चमचा. इतके दिवस ती कड्या पुसत होती, नोटा वाळवत होती, आणि दर सकाळी तिच्या डोळ्यांदेखत, तिनंच पुसलेल्या दोरीनं, ते वर जात होतं. सरळ आईच्या तोंडात.

"नाही," छोट्या म्हणाला. "नाही, नाही, ताई, नाही."

ताई जिन्यानं वर धावली. दार लोटलं तेव्हा आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं म्हणून बसली होती. दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरलेली, आणि नुसता श्वास घ्यायला खांदे वर-खाली होत होते. ओठांचा रंग ताईला ओळखता आला नाही. ती दारातच किंचाळली.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. एकेक शब्द सुटा येत होता. "खाली. लोक. जेवतायत."

ताईनं फोन लावला. पलीकडच्या माणसानं पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "तो रस्ता बंद केलाय ना? मधली वाट मोकळी आहे?"

"आहे," ताईच्या तोंडून गेलं. मग खिडकीतून खाली बघितलं. "करते. तुम्ही या. या हो लवकर!"

खाली येऊन तिनं आधी बेकरीवाल्याला गाठलं आणि त्याला हात न लावता, लांबूनच सांगितलं. त्याचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला.

"हळू बोला," तो पुटपुटला. "ताई, पाया पडतो, हळू बोला. आता कुठं भट्टी पेटलीय माझी. पुन्हा विझली तर मी पुन्हा उभा नाही राहत."

"आई गुदमरतेय रे."

"मग खुर्चीत बसवून मागून नेऊ. गुपचूप. मागची गल्ली—"

"मागची गल्ली तुझ्या मालाच्या गाड्यांनी भरलीय! आणि तिला प्राणवायूशिवाय नेऊ कशी?"

बेकरीवाला आपल्या दाराकडे बघायला लागला. तो काही वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, इतकंच. पण घाबरलेल्या माणसाकडून मदत मागायला वेळ लागतो, आणि वेळच नव्हता.

ताई टेबलांमधून फिरली. "जरा उठता का? टेबल एवढं बाजूला घ्यायचंय. जरा, दोन मिनिटं." तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. एका बाईनं खुर्ची इंचभर सरकवली आणि पुन्हा गप्पांत रमली. एक तरुण म्हणाला, "आत्ता तर वाढलंय हो." दुसरा म्हणाला, "तिकडून सांगा ना आधी, तिकडच्यांनी सरकवलं की आम्ही सरकवतो." एकानं वर तिलाच विचारलं, "पाणी मिळेल का?"

रस्त्याच्या टोकाशी ॲम्ब्युलन्स आली. निळा दिवा पिंपांवरून, भिंतींवरून फिरायला लागला. भोंगा वाजला. लोकांनी माना वळवल्या, कोणाकडे आली असेल म्हणून कुजबुजले आणि जागेवर बसून राहिले. गाडी पिंपांशी अडून उभी. ताईनं वर बघितलं. खिडकीत छोट्या होता, आईच्या खोलीत, जिथं त्यानं जायचं नव्हतं. तो हातानं लवकर, लवकर म्हणून खुणावत होता आणि रडत होता.

सांगितलं तर रस्ता संपला. बेकरीवाला संपला, कॉफीवाली संपली, खानावळ संपली. उद्यापासून या रस्त्यात कोणी तिच्याकडे बघणार नव्हतं. हे सगळं तिला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. तरी ती मधोमध, पट्ट्यातल्या तिच्याच एका टेबलावर चढली.

"ऐका! आमच्या घरात तो आजार आहे!" ती ओरडली. "माझ्या आईला झालाय. आमच्या आचाऱ्याला झालाय, तुम्ही जेवताय ते त्याच्या हातचं आहे! मला पण झाला असेल! उठा! वाट सोडा!"

क्षणभर चमचे हातात तसेच राहिले. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, आणि बघवणारं नव्हतं. विनवण्यांनी जे इंचापलीकडे हललं नव्हतं ते भीतीनं उधळलं. खुर्च्या पडल्या, वाट्या फुटल्या, कोणी मुलांना काखोटीला मारलं, कोणी चप्पल तिथंच टाकली. सगळे तिच्यापासून लांब पळत होते. कोणी तोंडातला घास डांबरावर थुंकला. मास्तर जाताना थांबले, काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनीही रुमालानं तोंड दाबलं आणि निघाले. कॉफीवाली दारातून ओरडत होती, "माहीत असून वाढत होतीस? माहीत असून?"

बेकरीवाला मिनिटभर नुसता उभा होता. मग त्यानं स्वतःचा बाक लाथेनं उडवला, टेबलं दोन्ही हातांनी भिंतीकडे भिरकावत तो टोकाकडे धावला आणि पिंपं बाजूला ढकलली. ॲम्ब्युलन्स आत आली. तो परत आला तो सरळ आपल्या बेकरीत गेला आणि शटर खाली ओढलं. ताईकडे त्यानं बघितलंही नाही.

पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी आईला खाली आणलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क, केस विस्कटलेले. केवढीशी दिसत होती! आयुष्यभर या बाईनं रस्त्याला दरडावलं, आणि आता स्ट्रेचरवर पोरीएवढीसुद्धा जागा तिला लागत नव्हती. छोट्या जिन्याच्या तोंडाशीच थांबला होता. पुढं यायची त्याची हिंमत होईना.

ताई स्ट्रेचरला बिलगली. "का नाही बोललीस गं? चव गेल्यावर तरी बोलायचंस!"

आईनं मास्क जरासा वर केला. "मला वाटलं, माझीच गेलीय. म्हातारपणानं." तिनं श्वास ओढला. "त्याला कळतंय ना, म्हटलं. छोट्या कधी चुकतो का. तोच चाखून पाठवतोय. म्हणून मी आपली 'हं' म्हणत गेले."

छोट्यानं ते ऐकलं. तो भिंतीला धरून खाली बसला.

"तुम्ही मागं व्हा," पांढऱ्या पोशाखातला माणूस म्हणाला. "सोबत कोणाला नेता येत नाही. फोन करू आम्ही."

"मी मुलगी आहे तिची."

"कोणालाच नाही, ताई."

तेवढ्यात आईचा हात पुढं आला आणि तिनं ताईच्या एप्रनचा घोळ मुठीत धरला. घट्ट. ताईनं आईला वडिलांच्या अंत्ययात्रेत न डगमगता उभं राहिलेलं पाहिलं होतं. भटारखान्याला आग लागली तेव्हा ओल्या पोत्यानं ती एकटीनं विझवताना पाहिलं होतं. आई घाबरते हे तिला माहीतच नव्हतं.

"एकटी नको पाठवूस गं," आई म्हणाली. "मला भीती वाटतेय."

ताईनं आईचे विस्कटलेले केस मागं सारले. "अगं, भ्यायचं काय त्यात? तू हो पुढं. मी आलेच बघ तुझ्या मागोमाग."

"नक्की?"

"नक्की."

आईनं विश्वास ठेवला. मूठ तिनं स्वतःच सोडली. त्या माणसांनी स्ट्रेचर आत सरकवलं, दार लावलं. ताई धावली थोडी, गाडीच्या मागं, पडलेल्या खुर्च्यांमधून. पण आता टोकापर्यंत रस्ता मोकळा होता, त्यामुळे गाडी बघता बघता दिसेनाशी झाली.